उलटं झाकण

"मीठ घातलंस ना, की डब्याचं झाकण उलटं ठेवायचं. आपण विसरतो. झाकण विसरत नाही."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा तिला लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. ओटा एक, बायका दोन आणि आतून बाहेरून कायम कुणीतरी हाक मारणारं. त्यामुळे एकाच भांड्यात दोघींनी मीठ घालायचं, नाहीतर दोघींनीही घालायचं नाही, असं पहिल्या चार दिवसांत दोनदा झालं होतं. म्हणून ही खूण. झाकण सुलट असलं तर मीठ घालायचं आहे, उलटं असलं तर घालून झालं. जेवण ताटात पडलं की झाकण पुन्हा सुलट. एवढंच शास्त्र. दोघींनी ते वीस वर्षं पाळलं, आणि तिसऱ्या कुणाला ते सांगायची वेळ आली नाही. तिसरं कुणी ओट्याजवळ फिरकतच नव्हतं.

सासूबाईंना जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. पण रविवारी चारच्या सुमारास अंड्यांचा ट्रे ओट्यावर ठेवला की तो आवाज अजून यायचा. हळू, थोडा दमलेला, कामात हात गुंतलेल्या माणसाचा.

रविवार हा तिचा सुट्टीचा दिवस, म्हणजे वाट्या लावायचा दिवस. घरात त्याला सगळे असंच म्हणत. "आज वाट्या लावायच्यात" म्हटलं की नवरा समजायचा, आज चहा उशिरा. स्टीलच्या सोळा वाट्या पुसून, तेलाचं बोट फिरवून ओळीने मांडायच्या. सोळा अंडी. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, सगळं बारीक. अंडी फेटून, भाजी मिसळून वाट्यांत ओतायची आणि मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून आठ-आठच्या दोन खेपांत वाफवायची. गार झाल्या की डब्यात भरून फ्रीजमध्ये. सोमवार ते गुरुवार, रोज दोन वाट्या नवऱ्याच्या डब्यात, दोन नानांसाठी. शुक्रवारी उकडलेल्या अंड्यांवर भागवायचं. शुक्रवारपर्यंत कुणाची कसली तक्रार उरत नाही.

ही सगळी तयारी आधी का, तर सकाळ नावाची गोष्ट या घरात नव्हतीच. नवरा शहरातल्या बसचा चालक. पहिली गाडी त्याची. तो पावणेपाचला घर सोडायचा. ती हॉस्पिटलात, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या भट्टीत निर्जंतुक करायच्या विभागात. तिची पाळी सहाला सुरू व्हायची, म्हणजे सव्वापाचला दाराबाहेर. उठल्यावर गॅस पेटवण्याआधी देवाचं नाव अकरा वेळा घ्यायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. हल्ली हात जोडले की डोळे मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. सातव्या नावाला की आठव्या, ते कळायचं नाही. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. देवालाही तोंडपाठ झालं असेल, असं तिला वाटायचं.

दोघं गेल्यावर घरात नाना एकटे. सासरे. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. चुकलेलं अक्षर दिसलं की त्यांचा हात अजून कानामागच्या पेन्सिलीकडे जायचा. पेन्सिल नसायची, तरी जायचा. इमारतीतले लोक मागून त्यांना 'काना-मात्रा' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. समोरच्या दुकानाच्या पाटीवर एक अक्षर नऊ वर्षं चुकलेलं होतं. नाना रोज खिडकीशी बसून त्या पाटीकडे बघत आणि रोज नव्याने चिडत. त्यावरच त्यांचा सकाळचा वेळ जातो, असं नवरा म्हणायचा.

गेल्या वर्षी नानांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. पायांवर सूज, चार पावलांत धाप. आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी आले ते गोळ्यांचा डबा आणि एक वाक्य घेऊन: मीठ बंद. डॉक्टर म्हणाले, पायावर सूज आली तर समजायचं पाणी साठतंय, आणि लगेच यायचं. तेव्हापासून ती अंडी दोन पातेल्यांत फेटायची. आठ नानांची, अळणी. आठ नवऱ्याची, मिठाची. नानांच्या वाट्यांवर मधोमध एकेक मिरीचा दाणा, म्हणजे फ्रीजमध्ये घोटाळा नको.

चव बघायची सोय नव्हती. तिने स्वतः अंडं सोडलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या महिन्यात, एका सकाळी अकरावं नाव घेऊन झाल्यावर, कुणाला न सांगता. त्या उठून बसू देत, एवढंच मागणं होतं. त्या उठल्या नाहीत. पण मागितलेलं मिळालं नाही म्हणून दिलेलं परत मागायचं, हे तिला पटेना. तिच्या स्वयंपाकातलं अंडं ती नाकाने आणि डोळ्याने करायची, आणि मिठासाठी होता तो एक सपाट चमचा आणि ते झाकण.

त्या रविवारी तिने नानांचं पातेलं खिडकीच्या बाजूला ठेवलं आणि नवऱ्याचं शेगडीच्या बाजूला. दोन्ही पातेली एकाच मापाची, एकाच दुकानातली. शेगडीजवळच्या पातेल्यात तिने सपाट चमचा मीठ घातलं, झाकण उलटं ठेवलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"तुझी ताई," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. म्हणजे त्याची मोठी बहीण. "माझा फोन बंद ठेवला ना, म्हणून तुझ्यावर आली."

"बंद का ठेवलात?"

"ती करणार म्हणून."

घरात फोनवर नीट ऐकू यायचं नाही. ताईंशी बोलायचं तर गच्चीवर जावं लागे, दोन जिने. ती हात तसेच घेऊन फोन कानाला लावून वर गेली. गालाला काहीतरी खरखरीत लागलं. तिने ते दंडाने पुसलं.

"वहिनी, मी आडवळणाने बोलत नाही," ताई म्हणाल्या. ताई कधीच आडवळणाने बोलत नसत. सरळ बोलूनच समोरच्याला दमवत. "तुम्ही दोघं अंधारात घर सोडता. दुपारी दोनपर्यंत त्यांच्याकडे बघायला कुणी नाही. उद्या काही झालं तर कळणार कुणाला? समोरच्या पाटीला? मी त्यांना इकडे आणायचं म्हणते."

"नाना यायचं म्हणत नाहीत, ताई."

"ते म्हणणारच नाहीत. आपण ठरवायचं असतं. माझ्याकडे लिफ्ट आहे, दिवसभर बाई आहे, डॉक्टर खालच्या मजल्यावर."

यातलं काही खोटं नव्हतं. ताईंच्या घरी ते एकदा पंधरा दिवस राहूनही आले होते. परत आल्यावर म्हणाले होते, सगळं छान आहे, पण अकराव्या मजल्यावरून एकही पाटी वाचता येत नाही. त्या पंधरा दिवसांत त्यांचं वजन तीन किलो उतरलं होतं. आणि सासूबाईंनी शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरून इतकंच सांगितलं होतं: "यांना इथून हलवू नका गं." तिने हो म्हटलं होतं.

"ताई, मी रोज त्यांचे पाय बघते," ती म्हणाली. "जरा जरी सूज दिसली, तर पहिला फोन मी तुम्हाला करीन. त्याच दिवशी. लपवणार नाही. मग तुम्ही म्हणाल तसं."

"वचन?"

"वचन."

"ठीक आहे. तू म्हणतेस म्हणून. माझ्या भावाने दिलं असतं तर मी लिहून घेतलं असतं."

जिना उतरताना तिचे गुडघे दोनदा वाजले. खाली आली तर नवरा ओट्याशी. हातात फडकं.

"तू वर होतीस तेवढ्यात म्हटलं ओटा पुसून घेऊ," तो म्हणाला. "रविवारीसुद्धा एकटीच राबतेस. मग मला वाईट वाटतं."

त्याला वाईट वाटणं वर्षातून दोनदा व्हायचं. तिला हसू आलं, बरंही वाटलं. ओटा खरंच लख्ख पुसलेला होता. सालं बादलीत गेली होती, सुरी धुऊन ठेवलेली, दोन्ही पातेली शेजारी-शेजारी, आणि मिठाचा डबा नीट बंद, झाकण सुलट.

म्हणजे मीठ घालायचं राहिलंय, ती मनाशी म्हणाली. फोन आला आणि राहिलं. तिने सपाट चमचा भरला आणि शेगडीजवळच्या पातेल्यात घातला, झाकण उलटं ठेवलं, वाट्या भरल्या, खिडकीजवळच्या पातेल्यातल्या आठांवर मिरीचे दाणे ठेवले आणि पहिली खेप लावून, मोठ्या पातेल्यावर झाकण टाकून स्टुलावर बसली. वाफ येईपर्यंत पाठ भिंतीला टेकवायची, एवढीच तिची रविवारची विश्रांती.

सोमवारी ती दुपारी घरी आली तेव्हा नानांच्या दोन्ही वाट्या घासून उपड्या ठेवलेल्या होत्या. हे नवीन होतं. वर्षभर एक वाटी तरी अर्धी उरायची. नाना म्हणायचे, "पोट भरलं गं," आणि ती समजायची की मन भरलं नाही.

"दोन्ही संपवल्या, नाना?"

"हो." ते पाटीकडे बघत होते. "चांगल्या झाल्या होत्या."

"नेहमीच्याच तर आहेत."

"असतील," नाना म्हणाले, आणि डोळ्यांच्या कडेने तिच्याकडे असं बघितलं की दोघांत काहीतरी ठरलेलं असावं. तिला त्याचा अर्थ लागला नाही. ती दमलेली होती. तिने पाय बघितले; दिवा लावून, वाकून, घोट्यापाशी अंगठा दाबून. सूज नव्हती.

मंगळवारीही वाट्या लख्ख. संध्याकाळी नाना चक्क गुणगुणत होते. नवरा म्हणाला, "नानांना काय झालंय? पाटी सुधारली की काय?" जेवताना नानांनी पहिल्यांदा वाटीतली भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि ती घ्यायला स्वतः ओट्याशी गेले. तिने बघितलं, पण उठायचं बळ नव्हतं. त्या दिवशी विभागात एक जण आजारी म्हणून आली नव्हती आणि दोघींचं काम एकीने केलं होतं. जेवण झाल्यावर नानांचे पाय बघायचे म्हणून ती त्यांच्या खुर्चीशेजारी टेकली, आणि तिथेच भिंतीला डोकं लावून तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा अंगावर नानांची शाल होती आणि नाना आत जाऊन झोपले होते.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलात गोंधळ झाला. विभागाला दोन बाजू. एका बाजूने धुतलेली, कापडात बांधलेली हत्यारं आत भट्टीत जायची, दुसऱ्या बाजूने निर्जंतुक होऊन बाहेर यायची. प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी असायची, तिच्यावर फिकट रेघा. भट्टीची वाफ लागली की रेघा काळ्या व्हायच्या. नव्या आलेल्या सिस्टरने जागा करायला म्हणून एक ढकलगाडी या बाजूची त्या बाजूला नेऊन ठेवली होती.

"हा माल झालाय की व्हायचाय?" सिस्टरने विचारलं.

भट्टी चालवणारे काका, ज्यांना सगळे भट्टीकाकाच म्हणत, चष्मा कपाळावर सरकवून आले. "गाडी कुठे उभी आहे ते मला सांगू नका. गाडीला पाय असतात. पट्टी बघा, पट्टी."

"सॉरी काका, मी जरा आवरायला गेले."

"आवरायला जाणारी माणसंच जास्त धोक्याची," काका म्हणाले. "पसारा करणाऱ्याचं निदान कळतं तरी."

सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिचा हात थांबला.

लख्ख पुसलेला ओटा. दोन पातेली शेजारी-शेजारी. सुलट झाकण.

मग तिला गालावरचं ते खरखरीत आठवलं. फोन कानाला लावला तेव्हा बोटांना लागून आलेलं. तेलाच्या बोटांना कोथिंबीर चिकटली असती. ती खरखरीत नसते. ते मीठ होतं. म्हणजे मीठ घालूनच ती वर गेली होती.

मग दुसरा चमचा कुठे गेला?

गाठोडी बांधत ती सगळं पुन्हा मनात मांडत राहिली. दोन चमचे शेगडीजवळच्या पातेल्यात गेले असते, तर नवरा सोमवारीच बोलला असता. जेवणात मीठ जास्त झालं तर तो दोन दिवस बोलतो. तो काही बोलला नव्हता. म्हणजे त्याची अंडी बरोबर होती. म्हणजे ओटा पुसताना पातेली उचलली गेली, आणि ठेवताना इकडची तिकडे झाली. शेगडीजवळ आलं होतं ते खिडकीजवळचं.

म्हणजे मिरी नवऱ्याच्या वाट्यांवर? तिने पुन्हा आठवलं. मिरी तिने खिडकीजवळच्या पातेल्यातल्या आठांवर ठेवली होती. ते नवऱ्याचं, पहिल्या चमच्याचं. आणि दुसरा चमचा पडला तो नानांच्या अळणी पातेल्यात, जे आता शेगडीजवळ होतं. कसंही फिरवलं तरी उत्तर एकच येत होतं. घरात अळणी वाटी एकही उरली नव्हती. तीन दिवस नाना मीठ खात होते, आणि म्हणून वाट्या लख्ख होत्या.

पाळी संपेपर्यंत तिने देवाचं नाव किती वेळा घेतलं, ते तिने मोजलं नाही.

घरी आली तेव्हा नाना खिडकीशी बसले होते. पायात चपला नव्हत्या. चपला खुर्चीखाली होत्या आणि दोन्हींचे पट्टे पार सैल करून शेवटच्या भोकात लावलेले.

"नाना, पाय बघू."

"काल बघितलेस की."

"काल मी झोपले होते."

ती खाली बसली. घोट्यापाशी अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. भिजवलेल्या पिठात राहतो तसा. तिने दुसरा पाय बघितला. तोही तसाच. नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि एरवी तो ऐकू येत नसे.

तिने फ्रीज उघडून गुरुवारची, मिरी लावलेली एक वाटी काढली. ओट्यावर ठेवली, चमचा घेतला, आणि चमचा हातात धरून उभी राहिली. एक घास. जिभेला लावून थुंकून टाकलं तरी कळलं असतं. तिने डोळे मिटले, उघडले, चमचा खाली ठेवला आणि नवरा यायची वाट बघत बसली.

तो साडेचारला आला. अजून बूटही काढले नव्हते.

"हे खाऊन बघा जरा."

"आत्ता? हात तरी धुऊ दे."

"एक घास."

त्याने चमचाभर खाल्लं. मग अजून एक. "बरोबर आहे की," तो म्हणाला. "मीठ अगदी बेताचं. का गं?"

"ही नानांची वाटी आहे."

त्याने वाटीवरचा मिरीचा दाणा बघितला. मग तिच्याकडे. मग चमचा हळूच वाटीत ठेवला, आवाज होणार नाही असा.

"रविवारी ओटा पुसलात तेव्हा मिठाच्या डब्याचं झाकण कसं होतं?" तिने विचारलं.

"उलटं पडलं होतं. मी नीट लावलं."

"पडलं नव्हतं. मी ठेवलं होतं." आणि मग तिने त्याला झाकणाचं सांगितलं. त्याच्या आईने तिला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत.

तो खुर्चीवर बसला. "लग्नाला बावीस वर्षं होत आली," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी ओट्याशी आला नाहीत."

"कधी नव्हे तो आलो," तो म्हणाला, "तर हे."

"तुमचं काही चुकलं नाही हो."

"मग कुणाचं चुकलं?" बाहेरच्या खोलीतून, खिडकीशी बसलेल्या नानांचा आवाज आला. ते सगळं ऐकत होते. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान बिघडवले आहेत, असं ते सांगत. पण ते सोयीचं होतं. "इकडे ये, सूनबाई. बस."

ती बसली.

"सोमवारी पहिला घास घेतला आणि मला कळलं," नाना म्हणाले. "एक वर्षाने जिभेला मीठ लागलं. माणूस ओळखेल ना. मला वाटलं, तू मुद्दाम घातलंस. म्हातारा अळणी खाऊन कंटाळलाय, घालू या चिमूटभर, असं तुझ्या मनात आलं असणार. तुझ्या सासूने असंच केलं असतं." ते थांबले, श्वास घेतला. "मग मी विचारलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं, आणि बंद करावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो."

"नाना, तुम्ही चाळीस वर्षं चुका पकडल्या."

"हो. ही एकच सोडून दिली." त्यांनी हात कानामागे नेला, आणि तसाच खाली आणला. "आणि खरं सांगायचं तर संध्याकाळच्या भाजीवरही मी चिमूटचिमूट टाकून घेत होतो. म्हटलं, सुरुवात तिने केलीच आहे."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. तिला रडू यायला हवं होतं, पण तेवढंही बळ अंगात नव्हतं. तिने नानांच्या पायांखाली उशी ठेवून ते वर घेतले.

"आधी डॉक्टर," नवरा उठत म्हणाला. "मी रिक्षा बघतो. ते गोळी वाढवून देतील. मागच्या वेळी दोन दिवसांत उतरली होती ना सूज?"

"चार दिवसांत."

"चार तर चार. रविवारपर्यंत उतरेल."

"मी ताईंना फोन करते."

दोघंही तिच्याकडे बघू लागले.

"आज कशाला?" नवरा म्हणाला. "रविवारी कर. सूज उतरल्यावर सांग, येऊन गेली म्हणून. ते काय खोटं आहे?"

"त्याच दिवशी करीन असं म्हटलंय मी. तसा एक दिवस मी आधीच झोपून घालवलाय."

"अगं, ती न्यायला येईल त्यांना. उद्याच्या उद्या. बॅग घेऊनच निघेल ती."

"माहीत आहे."

"आईने तुला काय सांगितलं होतं?"

हे त्याने बोलायला नको होतं, आणि बोलल्याबरोबर त्यालाही ते कळलं. ती उशीचा अभ्रा नीट करत राहिली. सासूबाईंनी काय सांगितलं होतं, ते तिला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. दोन्ही शब्द तिनेच दिलेले. एक गेलेल्या माणसाला, एक असलेल्या. एक पाळायला गेलं की दुसरा हातातून सुटतो, अशी वेळ येईल हे देताना कुणाला कळतं?

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात तर मी रविवारपर्यंत थांबेन."

हे बोलून ती खाली बघत राहिली. नाना बराच वेळ समोरच्या पाटीकडे बघत होते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, आणि त्याच्या मागे कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"छापून झाल्यावर चूक सापडली, तर आमच्याकडे शुद्धिपत्र लावायचे," नाना म्हणाले. "पहिल्याच पानावर. लाज वाटायची, पण लावायचे. न लावता बाजारात गेलेलं पुस्तक मला कधी हातात धरवलं नाही." त्यांनी पाय उशीवर जरा सरकवले. "सांग तिला. फक्त संध्याकाळची चिमूट माझी होती, हेही सांग. सगळं स्वतःवर घेऊ नकोस. तुला ती खोड आहे."

"आणि ती तुम्हाला घेऊन गेली तर?"

"तर मी जाईन, आणि तिच्या घरी सगळ्यांच्या चुका काढीन. महिन्याभरात स्वतःच परत आणून सोडेल." ते हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली, म्हणून हसू अर्ध्यावर थांबवलं. "जा."

बूट अजून नवऱ्याच्या पायातच होते. दाराशी जाऊन तो परत वळला. "मी बोलू का तिच्याशी? माझी बहीण आहे. मला शिव्या घालायची तिला सवय आहे."

"तुम्ही रिक्षा आणा. मी तोवर येते."

तो गेला. तिने नानांच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला, खिडकीचं दार थोडं जास्त उघडलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधल्या गुरुवारच्या उरलेल्या तीन वाट्या, मिरीची एक आणि बिनमिरीच्या दोन, नवऱ्यासाठी वेगळ्या झाकून ठेवल्या. उद्या नानांना ताजं अंडं करावं लागणार होतं, पहाटे, गॅस पेटवल्यावर. उद्या नाना इथे असले तर.

मिठाचा डबा ओट्यावर होता. झाकण सुलट. तिने ते तसंच राहू दिलं.

हात धुतले, कोरडे केले, एकेक बोट निरखून. फोन चार्जरवरून काढला आणि त्याची काचही पुसली. दार नुसतं लोटून घेतलं, नानांची हाक आली तर ऐकू यावी म्हणून, आणि कठड्याला धरून ती गच्चीचा जिना चढू लागली. पहिल्या वळणावर गुडघा वाजला. तिथे क्षणभर थांबून तिने मनातल्या मनात एकदा देवाचं नाव घेतलं, आणि पुढची पायरी चढली.